वेस्टाच्या दोन बाजू : देवगडच्या सड्यावरच्या नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. वेस्टा हा लघुग्रह ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतो आणि फिरताना त्याचा रंग किंचित बदलतो. १९२९ साली बोब्रोवनिकॉफ यांनी लिक वेधशाळेतल्या वर्णपटांवरून हा बदल टिपला होता. आपल्या ८ इंची दुर्बिणीतून, इथल्या दमट हवेत, तो दिसतो का, एवढंच बघायचं आहे.

२१ डिसेंबरला प्रतियुती आहे, म्हणजे वेस्टा आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. तेजस्वितेची प्रत ६.४ (आकडा लहान तितका उजेड जास्त). मृगाच्या अगदी उत्तर टोकाला, क्रांती, म्हणजे आकाशातलं अक्षांश, २० अंश उत्तर. देवगडचं अक्षांश साडेसोळाच्या आसपास, त्यामुळे मध्यरात्रीनंतर तो जवळजवळ डोक्यावर येतो. कोकणात क्षितिजालगतची हवा कायम धुरकट असते. म्हणून डोक्यावरून जाणारा लघुग्रह मिळणं ही मोठी सोय आहे.

सामान : न्यूटोनियन दुर्बीण आणि विषुववृत्तीय माउंट जुनेच. मिलिमीटरला १०० रेघा असलेलं, प्रकाश रंगांत पसरवणारं ग्रेटिंग बाहेरून मागवलं, कस्टमसकट १६,५०० रुपये. ते फिल्टरसारखं कॅमेऱ्याच्या नळीत आटे फिरवून बसतं. कॅमेरा घरातला डीएसएलआर.

२ डिसेंबर

चार रात्री गेल्या. वर्णपट सुरेख दिसतो, निळा, हिरवा, लाल, आणि ७०० नॅनोमीटरला कापल्यासारखा संपतो. आधी फोकस चुकला म्हणून दोन रात्री फोकसशी झटापट केली. कारण वेगळंच होतं. डीएसएलआरच्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते, त्यामुळे ७०० च्या पुढचं काही तिच्यातून येतच नाही. वेस्टाच्या पृष्ठभागावरच्या पायरॉक्सीन खनिजातलं लोह ९३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्याचा उतार ७५० नंतर सुरू होतो. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तोच भाग कॅमेरा फेकून देत होता.

सेकंडहँड मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा घेतला, ११,००० रुपये. १२८० पिक्सेल रुंद, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. हे काम करणाऱ्यांनी रंगीत कॅमेऱ्याच्या वाटेला जाऊच नये.

५ डिसेंबर

नवा कॅमेरा, नवी चूक. ग्रेटिंग आणि सेन्सर यांच्यात ६० मिमी अंतर ठेवलं होतं. त्या हिशेबाने एका पिक्सेलला ०.६२५ नॅनोमीटर, म्हणजे अख्ख्या फ्रेमला ८०० नॅनोमीटर. मोजणी सुरू होते ती ताऱ्याच्या न विखुरलेल्या ठिपक्यापासून. तो फ्रेममध्ये ठेवला तर ९०० बाहेर जातो, आणि ९०० आत घेतलं तर मोजायला शून्यच उरत नाही. अंतर ४० मिमी केलं की पिक्सेलला ०.९४ नॅनोमीटर, आणि ९५० पर्यंतचा पट्टा साधारण हजार पिक्सेलमध्ये बसतो. हे गणित आधी कागदावर करायचं होतं. लेथवर नळी कापून आणली, ३५० रुपये.

८ डिसेंबर

८०० च्या पुढे वर्णपट खाली यायच्या ऐवजी वर चढतो. वेस्टाचाही, व्याधाचाही. दोघांचाही चढतो म्हटल्यावर दोष सामानात आहे हे उघड झालं.

ग्रेटिंग एकाच वेळी दोन वर्णपट टाकतं. दुसरा दुप्पट पसरलेला असतो, म्हणून त्याचा ४०० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पहिल्याच्या ८०० वर येऊन बसतो. मी अवरक्त समजून निळा प्रकाश मोजत होते. उपाय साधा आहे : १५ नंबरचा गडद पिवळा फिल्टर, १,१०० रुपये. ५०० च्या खालचं सगळं तो अडवतो, मग दुसऱ्या वर्णपटाची अडचण १,००० च्या पुढे ढकलली जाते.

किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागली. व्याधातली हायड्रोजनची ४८६.१ ची रेघ गेली, जिच्यावरून मोजपट्टी लावत होते. आता मोजपट्टी ६५६.३ ची हायड्रोजनची रेघ आणि ७६०.५ चा आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा पट्टा यांच्यावर. ऑक्सिजनचा पट्टा दर फ्रेममध्ये असतो, त्यामुळे हे आधीपेक्षा बरंच म्हणायचं.

१० डिसेंबर, रविवार

आज दुर्बीण नाही, दगड. एवढ्या चुकांनंतर मला खात्री हवी होती की या सामानाला खडकातलं लोह दिसतं तरी का. लोहाचा दगड इथे शोधावा लागत नाही. अख्खा सडा, म्हणजे इथलं खडकाळ पठार, जांभ्याचा.

चिरेखाणीतून ताजा कापलेला तुकडा आणला, आतून नारिंगी-लाल, हाताला भुकटी लागते असा. दुसरा तुकडा काकींच्या गडग्यातला, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणातला, कित्येक पावसाळे खाल्लेला, वरून काळा आणि खरबरीत. दाढीच्या ब्लेडच्या दोन कडा जवळ आणून केसाएवढी फट केली, मागे उन्हात दगड, पुढे लेन्स, ग्रेटिंग आणि कॅमेरा. तुलनेला पांढरं म्हणून प्लंबरची टेफ्लॉन टेप फुटपट्टीवर वीसेक फेरे गुंडाळली. दगड, टेप, दगड, टेप असं दोन-दोन मिनिटांनी बदलत गेले, म्हणजे सूर्य आणि हवा दोघांनाही सारखीच.

ताज्या चिऱ्याच्या आलेखात ८७० च्या आसपास स्पष्ट खळगा. स्क्रीनवर तो उमटला तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, हे लोह?" हो, हेच लोह. जांभ्यातलं लोह गंजलेलं, म्हणजे ऑक्सिजनने पुरतं बांधलेलं. वेस्टावरचं तसं नाही, म्हणून त्याचा पट्टा थोडा पुढे, ९३० कडे. पण दोन्ही याच सामानाच्या टप्प्यात आहेत. गडग्यातल्या दगडाचा काळा पृष्ठभाग लावला तर खळगा जवळजवळ बुजलेला. तोच दगड उलटा करून फुटलेली बाजू उन्हाला दाखवली आणि खळगा परत आला. वरचं शेवाळाचं, धुळीचं पापुद्र्याएवढं आवरण आतल्या लोहाला झाकून टाकतं. मी पाच वेळा उलटसुलट करून पाहिलं.

काकी कुंपणापलीकडून : "गो बाय, गडग्याचो दगड कित्याक घेतलंस?"

"परत लावतंय, काकी."

"लाव मगे. पावसाच्या आधी लाव."

या एका दिवसाने मागच्या दहा दिवसांची निराशा घालवली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच चाचणी सगळ्यांत आधी करावी. फक्त टेपचे पैसे लागले, चार रोल ८० रुपये.

१३ डिसेंबर

अमावास्या. वेस्टाचा प्रकाश हा सूर्याचाच परतलेला प्रकाश, म्हणून त्याला सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागायचं, तेव्हा खडकाचा रंग उरतो. तसा तारा शेजारीच मिळाला : मृगातला काय-१ (काय हे ग्रीक अक्षर), जी-शून्य वर्गाचा, प्रत ४.४, आणि या महिन्यात वेस्टा त्याच्याच दिशेने सरकतो आहे.

भागाकार केला आणि वेस्टा विटकरीहून लाल निघाला. तास-दीड तास मी पायथनमधला कोड तपासत बसले. भाच्याने नकाशा उघडला. "आत्या, तू भलताच तारा घेतला आहेस. हा काय-२ आहे." दोन्ही ताऱ्यांच्या प्रतीत फरक नगण्य, अंतर सव्वादोन अंश. पण काय-२ हा बी वर्गाचा निळा महाराक्षसी तारा. निळ्याने भागलं की काहीही लालच दिसणार. वेस्टा आज काय-२ च्या जवळ असल्यामुळे शोधकातून, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या दुर्बिणीतून, आधी तोच सापडला. अक्षरं वाचून तारा ठरवायचा नाही, वर्णपट बघून ठरवायचा, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

१५ डिसेंबर

दव. एक वाजता दुय्यम आरसा पांढरा झालेला, त्याआधीच्या चाळीस फ्रेम हळूहळू मंद होत गेलेल्या. नायक्रोम तार, बारा व्होल्टची बॅटरी आणि जुन्या मोज्याचं कापड, २४० रुपयांत हीटर केला. ग्रेटिंगच्या नळीलाही एक फेरा दिला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हवेतल्या बाष्पाचे पट्टे ७२० आणि ८२० ला आहेत, आणि सगळ्यांत खोल ९३० ते ९६० ला, म्हणजे नेमके वेस्टाच्या खळग्यावर. समुद्रसपाटीवर, खाऱ्या वाऱ्यात, तो खळगा पुरता मोजणं होणार नाही. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. हातात राहतो तो ७५० ते ८९० चा उतार. त्यावरच समाधान मानायचं असं ठरवलं.

पण बाष्पाचा पट्टा रात्रभर सारखा नसतो. आज साडेअकराच्या आधीच्या आणि नंतरच्या काय-१ च्या फ्रेम शेजारी ठेवल्या. मतलई सुटल्यावर, म्हणजे घाटाकडून कोरडा वारा खाली यायला लागल्यावर, ८२० चा पट्टा डोळ्यांना दिसण्याइतका उथळ झाला. मच्छीमार मतलईवर होडी काढतात, आपण शटर काढायचं.

१६ डिसेंबर

काम एका गणिताने सोपं केलं. २४ तासांत वेस्टाच्या साडेचार फेऱ्या होतात. थोडक्या फरकाने, पण साडेचारच. म्हणजे आज ज्या उंचीवर असताना एक बाजू आपल्याकडे आहे, उद्या त्याच उंचीवर आला की जवळजवळ पाठची बाजू असणार, आणि परवा पुन्हा आजची. तो दर रात्री पाचेक मिनिटं आधी माथ्यावर येतो, त्यामुळे परवाची बाजू १७ अंशांनी हुकते, तेवढं चालेल.

रात्रभर जागून एका फेरीचा पाठलाग करायला गेलं की वेस्टाची उंची बदलते, हवेची जाडी बदलते, बाष्प बदलतं, आणि या सगळ्याचा फरक खडकाच्या फरकापेक्षा मोठा असतो. तीन रात्री एकाच उंचीवर चाळीस-चाळीस मिनिटं घेतली की हवा बऱ्यापैकी बाजूला पडते. चाळीस मिनिटांत वेस्टा ४५ अंश वळतो, त्याहून जास्त वेळ घेतला तर बाजू एकमेकींत मिसळतील. काय-१ आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं.

१७ ते १९ डिसेंबर

पहिल्या रात्रीच्या बाजूला अ म्हणते, पाठच्या बाजूला ब. म्हणजे अ, ब, अ. तिन्ही रात्री स्वच्छ, मतलई अकराच्या आत. दर रात्री १० सेकंदांच्या सुमारे १८० फ्रेम, साडेबाराच्या पुढे-मागे.

७५० च्या मानाने ८७५ चा उजेड : पहिल्या रात्री ०.८०, दुसऱ्या रात्री ०.८३, तिसऱ्या रात्री ०.८१. म्हणजे ८७५ पर्यंतच वेस्टाने सुमारे पाचवा हिस्सा गिळलेला आहे. हाच पायरॉक्सीनचा उतार. १९७० साली मॅकॉर्ड, अॅडम्स आणि जॉन्सन यांनी याच पट्ट्यावरून वेस्टाचं नातं युक्राइट जातीच्या बेसाल्टी अशनींशी जोडलं. तसला एक अशनी १९९६ साली राजस्थानात पिपलिया कलानला पडला होता. सड्यावर बसून, हातमोज्यांतल्या बोटांनी माउस हलवत, तो उतार आपल्या स्क्रीनवर बघताना माझे डोळे भरून आले हे लिहून ठेवते.

अ आणि ब मध्ये ०.०२ ते ०.०३ चा फरक, पण अ आणि अ मध्येही ०.०१. एवढ्यावर काही म्हणता येणार नाही.

आणि ब च्या रात्री ८५० ला एक टोकदार उठाव. अ च्या दोन्ही रात्री नाही. म्हणजे फक्त त्याच बाजूवर असलेलं काहीतरी? मी त्या रात्री झोपले नाही.

२० डिसेंबर

पुन्हा ब ची पाळी. अष्टमीचा चंद्र समुद्रावर टेकलेला, तरी घेतलं. उठाव नाही.

१८ च्या मूळ फ्रेम उघडल्या. वेस्टाच्या वर्णपटावर एक मंद पार्श्वतारा बसलेला, त्याचा न विखुरलेला ठिपका नेमका ८५० च्या जागी. आपल्या सामानात फट नाही, त्यामुळे फ्रेममधल्या प्रत्येक ताऱ्याचा ठिपका आणि पट्टा दोन्ही पडतात, आणि वेस्टा सध्या आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे. तो दिवसाला पाव अंश सरकतो, म्हणजे माझ्या फ्रेमएवढाच, म्हणून रोज शेजारी नवे.

मला हे फ्रेम न बघताही कळायला हवं होतं. उठाव चार-पाच नॅनोमीटरचा होता. खनिजांचे पट्टे शंभर-दोनशे नॅनोमीटर पसरलेले असतात. दगड इतकं अरुंद काही दाखवत नाही. आता दर रात्री आधी एक फ्रेम काढून पट्ट्याच्या वाटेत तारा आहे का ते बघते, असला तर कॅमेरा थोडा फिरवते. ८६५ ते ८८५ चा भाग त्या ठिपक्यापासून सुटलेला होता, म्हणून १८ चा आकडा टाकून द्यावा लागला नाही. २० चा आकडा ०.८२.

२४ डिसेंबर

चंद्र मोठा, काम बंद. जुन्या फ्रेमवरून उजेड मोजला. काय-१ च्या तुलनेत ब बाजू अ पेक्षा सात-आठ टक्क्यांनी मंद. वेस्टाच्या बाबतीत हा फरक मुख्यतः आकाराचा नसतो. लांबट दगड फिरताना एका फेरीत दोनदा उजळतो, वेस्टा एकदाच उजळतो, कारण त्याचा एक गोलार्धच जास्त उजळ आहे. नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती फिरलं तेव्हा काळसर भाग जवळून दिसले. बाहेरून आदळलेल्या कार्बनी लघुग्रहांचा तो माल. मंद बाजूवर लोहाचा खळगा उथळ असणं त्याच्याशी जुळतं. गडग्यातल्या दगडाचा काळा थर आतलं लोह झाकत होता, ती दुपार आठवली. कारण तिथलं निराळं, पण आलेखात दिसणारी खूण सारखी.

विजयदुर्गावर साहेबाचे ओटे आहेत, ग्रहण बघायला बांधलेले चौथरे. दर १८ ऑगस्टला आम्ही कॉलेजची मुलं तिथे नेतो आणि १८६८ च्या खग्रास ग्रहणाची गोष्ट सांगतो : सूर्याच्या कडेला ५८७.६ ची पिवळी रेघ, जिचं पुढे हेलियम झालं. येत्या वेळी मुलांच्या हातात ग्रेटिंगही द्यायचं आहे.

८ ते १० जानेवारी २०२४

फैसला करणारी फेरी. २२ दिवसांत वेस्टा माथ्यावर येण्याची वेळ सुमारे ११० मिनिटांनी अलीकडे आली आहे, म्हणजे आता अकराच्या आसपास. तो वेळ धरून फेऱ्या मोजल्या तर साडेअठ्ठ्याण्णव निघतात. म्हणजे डिसेंबरात पहिल्या रात्री अ होती, आता त्याच उंचीवर पहिल्या रात्री ब यायला हवी. फरक हवेचा किंवा सामानाचा असेल तर क्रम उलटणार नाही. वेस्टाचा असेल तर उलटेल. भाच्याला मी कुठली बाजू कुठल्या रात्री ते सांगितलं नाही. फ्रेमना फक्त नंबर दिले आणि आकडे त्याला काढायला लावले.

८ ची रात्र : ०.८२. ९ ची रात्र : ०.८०. क्रम उलटला.

१० ला दहाच्या सुमारास पश्चिमेकडून ढग आले आणि हटले नाहीत. तिसरी रात्र गेली.

१२ जानेवारी

हिशेब. ग्रेटिंग १६,५००, कॅमेरा ११,०००, फिल्टर १,१००, नळी ३५०, हीटर २४०, टेप ८०. एकूण २९,२७० रुपये, दुर्बीण सोडून. बसले १९ रात्री, कामाच्या निघाल्या सहा.

मिळालं काय : अ तीनदा, ०.८०, ०.८१, ०.८०. ब तीनदा, ०.८३, ०.८२, ०.८२. कुठल्याही रात्री अ चा आकडा ब च्या वर गेला नाही. फरक दोन टक्क्यांचा, एका रात्रीची चूक एक टक्का. सहा आकड्यांवर मी "दिसला" असं लिहिते, "मोजला" असं लिहीत नाही.

करून बघणाऱ्यांसाठी राहिलेलं एक काम : काय-१ हा अगदी सूर्य नाही, थोडा जास्त गरम आहे. अ आणि ब च्या फरकाला त्याने बाधा येत नाही, कारण दोघांनाही त्यानेच भागलं. पण ०.८० हा आकडा स्वतंत्रपणे वापरायचा असेल तर एचडी २८०९९ शी पडताळावा. रोहिणीजवळच्या पुंजातला, प्रत ८.१, लघुग्रहांच्या कामात सूर्याऐवजी नेहमी वापरतात तो. मंद आहे, ३० सेकंदांची फ्रेम लागेल.

पुढची प्रतियुती २ मे २०२५. प्रत ५.७, म्हणजे या डिसेंबरातल्या प्रतियुतीच्या जवळजवळ दुप्पट उजेड, पण मे महिना. तेव्हा इथे मतलई नावापुरता आणि बाष्प भरपूर. त्या वेळी सगळं सामान जीपमध्ये टाकून घाट चढायचा आणि गगनबावड्याला बसायचं असं मी आणि भाच्याने ठरवलं आहे. ग्रेटिंग सिलिका जेलच्या डब्यात बंद केलं. काकींचा दगड गडग्यात परत लावला, काळी बाजू बाहेर.